कुंपण जेथे आत वळले

सोलापूर जिल्ह्यातील खडकमाळ गावाजवळचा सौरप्रकल्प प्रत्यक्षात किती जागेवर उभा आहे, आणि माझ्या तक्त्यात मी त्याला दिलेला क्रमांक बरोबर आहे का, हा या प्रवासाचा प्रश्न होता. उत्तर मिळाले. ते मिळवताना माझ्याविषयी जे कळले ते लिहिणे मला सोपे जात नाही, तरी क्रमाने लिहिते.

प्रथम तक्त्याविषयी. मी सोलापुरातील एका शाळेत भूगोल शिकवत असे. निवृत्त झाल्यावर जगातील सर्वांत मोठ्या सौरप्रकल्पांची नोंद ठेवण्याचा नाद मला लागला. दरवर्षी मी त्यांचा एक तक्ता तयार करते आणि तो छापून जिल्ह्यातील शाळांना पाठवते. वरच्या भागात जगातले प्रकल्प असतात, खालच्या भागात महाराष्ट्रातले, आणि तळाशी आपल्या जिल्ह्यातील प्रकल्पाचा नकाशा.

मोठ्यांची तुलना करणे वाटते तितके सोपे नाही. एक प्रकल्प आपली क्षमता सांगताना सगळ्या पट्ट्यांची बेरीज सांगतो. दुसरा, प्रत्यक्ष तारांत किती वीज सोडता येईल ते सांगतो. पहिला आकडा बहुधा मोठा असतो. एकाने ज्वारी कणसांसकट मोजावी आणि दुसऱ्याने मळणीनंतर, तसा हा प्रकार आहे. शिवाय राजस्थानातील भडला किंवा कर्नाटकातील पावगड यांना आपण एकेक प्रकल्प म्हणतो. आत मात्र अनेक कंपन्यांचे अनेक तुकडे शेजारी-शेजारी असतात. चीनच्या वाळवंटांतही तेच. कच्छमधील खावड्याचे काम तर मी तक्ता छापून आणेपर्यंत आणखी पुढे सरकलेले असते. म्हणून मी सर्वांना एकच माप लावायचे ठरवले. उपग्रहाने काढलेले चित्र घ्यायचे, प्रकल्पाभोवती रेषा ओढायची आणि आतले क्षेत्रफळ मोजायचे. प्रकल्प तुकड्या-तुकड्यांत असेल तर विखुरलेल्या खुंट्यांभोवती दोरी ताणावी तशी सगळ्या तुकड्यांना मिळून एकच रेषा. मधली मोकळी जागा त्यात येते, हे मला माहीत होते. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत मी ते लिहीतही असे.

खडकमाळचा प्रकल्प दोन तुकड्यांत आहे. तुकडे वेगळे मोजले, तर महाराष्ट्राच्या यादीत तो शेजारच्या जिल्ह्यातील एका अखंड प्रकल्पाच्या खाली जात होता. दोघांभोवती मिळून रेषा ओढली, तर एक ओळ वर येत होता. मी रेषा बाहेरून ओढली. नियम माझाच असल्यामुळे नियमभंग झाला नाही. पण त्या दिवशी मला नियमाची आठवण फार आनंदाने झाली, हे येथे नोंदवून ठेवते. रेषेच्या आत मी सुबक अक्षरांत ‘पडीक माळ’ असेही लिहिले.

पुढे शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी तक्ता समजावून देत होते. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “बाई, यांतला एखादा प्रकल्प तुम्ही पाहिलाय का?” मी म्हणाले, “सगळेच पाहिले आहेत. आकाशातून.” लोक हसले, टाळ्याही पडल्या. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला टोचू लागले. भडला आणि पावगड दूर आहेत, खडकमाळ तर नाही. हिवाळ्यातल्या एका सकाळी मी वही, पाण्याची बाटली आणि तक्त्याची एक प्रत घेऊन सोलापूरच्या एस.टी. स्थानकावर गेले.

मंगळवेढ्याच्या गाडीत पुढचीच जागा मिळाली. तिऱ्ह्याजवळ सीना ओलांडली. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. आमचा चालक त्यांच्या मागे संयमाने आणि मोठ्याने हॉर्न वाजवत चालला होता. कंडक्टरने तिकीट देताना विचारले,

“पुढं कुटं जायचंय?”

“खडकमाळला.”

“तितं देव न्हाय, बाजार न्हाय. सोलारवर लेकरू कामाला लागलंय व्हय?”

“नाही. मी नुसती बघायला चालले आहे.”

“काचा बगायला?” तो मागे वळून एका म्हाताऱ्याला म्हणाला, “बगा काका, आता काचांची बी जत्रा सुरू झाली.”

“आरती किती वाजता आस्ती इचार,” म्हातारा म्हणाला. गाडीतली निम्मी माणसे हसली. मीही हसले. तोवर सकाळ चांगली होती.

बेगमपूरजवळ भीमा लागली. तिच्यापलीकडे थोड्याच वेळात मंगळवेढ्याची काळी जमीन सुरू होते. सपाट, भेगाळलेली, आणि त्या भेगांतूनच ओल धरून उभी असलेली ज्वारी. हिला पाऊस लागत नाही, थंडी लागते, असे मी वर्गात शिकवत असे. मंगळवेढ्याला गाडी बदलून मी दक्षिणेकडे जाणाऱ्या एका जीपमध्ये बसले. दहा-बारा किलोमीटरनंतर काळी माती संपली. मुरूम, बाभळी, तरवड आणि कुसळी गवत सुरू झाले. नकाशावर मी हा भाग एका हाताने पुसून टाकावा तसा रिकामा सोडलेला होता. प्रत्यक्षात दर थोड्या अंतरावर काहीतरी होते: दगडांचा बांध, शेंदूर लावलेला धोंडा, बोरी, एखादी वस्ती.

एका चढावर जीप आली आणि समोर पाणी दिसले. निळसर काळे, वाऱ्याने जरासुद्धा न हलणारे.

“केवढा तलाव आहे हा!” मी म्हणाले.

चालक म्हणाला, “तळं न्हाय ते बाई, तेच तुमचं सोलार. आमचा पाव्हणा बी तसंच म्हणला. परवा एक बगळं फसलं. ऐटीत उतरलं, चोच आपटली, आन् असं बगत बसलं की कुणी पाहिलं तर न्हाय!”

ज्या वस्तूचा मी इतकी वर्षे हिशेब ठेवत होते, ती पहिल्यांदा डोळ्यांसमोर आली तेव्हा मी तिला ओळखू शकले नाही.

फाटकावरच्या रखवालदाराने मला आत सोडले नाही. वरून परवानगी आणावी लागते, असे त्याने नम्रपणे सांगितले आणि बसायला खुर्ची दिली. तारांच्या जाळीतून आतले थोडे दिसत होते. पट्ट्यांच्या रांगा दक्षिणेकडे तोंड करून तिरप्या उभ्या होत्या. टँकरच्या नळीने चार बायका त्या धूत होत्या, आणि खाली पडणाऱ्या पाण्यावर गुडघाभर हिरवे गवत आले होते. मी रखवालदाराला विचारले, “बाहेरून कुंपणाच्या कडेने चालले तर चालेल?” तो म्हणाला, “चाला की. रस्ता काय कंपनीचा न्हाय.”

माझे पाऊल साठ सेंटिमीटरचे आहे. शाळेच्या मैदानावर फीत टाकून मी ते कित्येकदा तपासलेले आहे. पन्नास पावले झाली की वहीत एक रेघ, अशा रीतीने मी चालू लागले. माझ्या नकाशाप्रमाणे ही बाजू सरळ पश्चिमेला जाऊन टेकडीच्या पायथ्याशी संपायला हवी होती. एकोणतिसावी रेघ ओढली आणि कुंपण डावीकडे आत वळले.

मी नकाशा उघडला. तेथे वळण नव्हते. समोर, बऱ्याच अंतरावर, दुसऱ्या तुकड्याचे कुंपण दिसत होते. मधली पट्टी उघडी होती. तिच्या तोंडाशी सिमेंटचे नवे खांब एका रांगेत रोवलेले होते. तार अजून ओढलेली नव्हती. आणि त्या खांबांमधून, पावसाचे पाणी गाळणीतून यावे तशा, मेंढ्या बाहेर येत होत्या.

मागून एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, काष्ट्याचे लुगडे, खांद्यावर घोंगडी, कडेवर दोन दिवसांचे कोकरू. त्यांनी माझ्या वहीकडे पाहिले.

“मोजणीवाल्या काय तुमी? मोजणी तर उद्या हाय.”

“नाही. मी शिक्षिका होते. सोलापूरहून आले आहे.”

“मग बरं. मोजणीवाल्या असता तर पाणी बी इचारलं नसतं.” त्या मोठ्याने हसल्या. “उन्हात काय मोजताय?”

“कुंपण किती लांब आहे ते.”

“त्येच्यापायीच तर झोप न्हाय आमाला. चला, भाकरी खाऊन जावा. बाईमाणूस एकटं उन्हात हिंडायलंय, बरं दिसतं व्हय?”

त्यांचे नाव मायाक्का. चालता-चालता त्यांनी माझे नाव विचारले. मी म्हणाले, “नुसते बाई म्हणा. सगळे तेच म्हणतात.” यात लपवण्याचा हेतू त्या क्षणी नव्हता. पुढच्या अर्ध्या तासात तो तयार झाला.

वस्ती म्हणजे तीन घरे आणि मेंढ्या कोंडण्यासाठी वाघर (दोरीच्या जाळीचे कुंपण) लावलेली जागा. मायाक्कांचे दीर म्हाळाप्पा चुलीसमोर लोकर पिंजत बसले होते. मला ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि हुलग्याचे गरम माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ, लसूण घातलेली पेज) वाढले. भूक लागलेली होती. मी पहिली वाटी संपवली आणि दुसरी मागितली. तेव्हा म्हाळाप्पांनी सगळी हकिकत सांगितली.

दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी कंपनीला भाड्याने दिल्या. मधली पट्टी कोणाच्याच मालकीची नव्हती; ती गायरान, म्हणजे गावाच्या चराईची जमीन. तिच्यातून मेंढ्या पलीकडच्या पाझर तलावावर पाण्याला जातात. तीन घरांचा मिळून एकच खांडवा (मेंढ्यांचा कळप) आहे. गेल्या महिन्यात कुंपणाच्या कंत्राटदाराचा सुपरवायझर आला आणि पट्टीच्या दोन्ही तोंडांना खांब रोवू लागला. सगळे एकच करायचे आहे, असे तो म्हणाला. ही माणसे आडवी आली.

“आमी म्हणलं, ही वाट हाय. आज्ज्याच्या आज्ज्यापासनं हाय. तर त्यो आमाला शाळंत घिऊन गेला.”

“शाळेत?” मी विचारले.

“व्हय. भितीवर मोठा नकाशा काढलाय, रंगात. त्येच्यात पिवळी रेघ हाय सगळ्याच्या भवतीनं. वाट न्हायच. तर म्हणला, ‘ह्ये तुमच्याच शाळंनं काढलंय की! का तुमच्या पोरांना खोटं शिकवत्यात हितं?’ आता काय बोलावं सांगा. आमच्या पोरांनी त्योच नकाशा पाठ केलाय.”

माझा हात भाकरीवर थांबला.

मायाक्का म्हणाल्या, “कुणी सोलापूरच्या बाईनं काढलाय म्हणं. लई शिकलेली हाय म्हणं.”

“शिकलेली आसल,” म्हाळाप्पा म्हणाले, “पर हिकडं आलेली न्हाय. आली आस्ती तर निदान एक लेंडी तरी दिसली आस्ती.”

मायाक्का हसल्या. तो नकाशा माझा, हे मी तेव्हाच सांगायला हवे होते. एका वाक्याचे काम होते. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होते, आणि मी त्यावर माडगे प्यायले. थोड्या वेळाने म्हणाले, “नकाशात कधीकधी चूक राहू शकते.” वर्गात एखादे मूल असे बोलले असते, तर मी त्याला उभे करून विचारले असते: चूक आपोआप राहते, की कोणी ठेवते?

“वाट बंद झाली तर काय कराल?” मी विचारले.

म्हाळाप्पांनी हातातली लोकर खाली ठेवली. “टेकडीला वळसा घालून तळं लांब पडतं. जाऊन येण्यात दीस जातो, मग चरायचं कवा? आता मेंढ्या व्याल्यात. व्यालेल्या मेंढीला दोन टायमाला पाणी लागतं, न्हायतर दूध आटतं, कोकरं मरत्यात. निम्मी बकरी मोडावी लागतील.” बकरी म्हणजे मेंढ्याच, आणि मोडणे म्हणजे विकून टाकणे. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले.

जेवणानंतर मायाक्का मला ती पट्टी दाखवायला घेऊन गेल्या. मी रुंदी मोजली: एकशे चाळीस पावले, म्हणजे चौऱ्याऐंशी मीटर. मध्यभागी, खुरांनी झिजून गुळगुळीत झालेल्या खडकावरून, वाट पांढरट रेषेसारखी तलावापर्यंत गेलेली होती. लेंड्या जागोजाग होत्या. मायाक्का एकेक जागा दाखवत होत्या. “हितं माझी सासू पाय घसरून पडली. ह्या बोरीखाली थोरला दीर सावलीला बसायचा. लग्न हून आले तवा पहिल्यांदा हितनंच पाण्याला गेले.” मी हे सर्व वहीत लिहून घेतले. लिहिणे चालू असले की बोलावे लागत नाही.

“शाळंतला नकाशा बगायचा का?” त्यांनी विचारले. “तुमी शिकलेल्या. काय चुकलंय ते नीट सांगा. उद्या मोजणीवाल्याला सांगाय यील.”

मी नाही म्हणू शकले नाही.

शाळा दोन खोल्यांची. रस्त्याकडच्या भिंतीवर माझा तक्ता होता. माझ्या कागदाच्या दहापट मोठा, तैलरंगात, अतिशय मन लावून काढलेला. भडला आणि पावगड ठळक लाल अक्षरांत. खाली खडकमाळचा नकाशा, भोवती पिवळी रेषा, मध्ये ‘पडीक माळ’. कोपऱ्यात ‘साभार’ असे लिहून पुढे माझे पूर्ण नाव. मायाक्का चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्या बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागल्या. त्यांचे बोट कोपऱ्याकडे जाण्याआधी आपण बोलायला हवे, हे मला कळत होते. तेवढ्यात मुख्याध्यापक सुतार सर बाहेर आले, माझ्याकडे पाहून थबकले आणि आनंदाने म्हणाले,

“अहो बाई, तुम्ही! प्रशिक्षणात तुम्हाला ऐकलं होतं मी. मायाक्का, ह्याच त्या! हा तक्ता ह्यांचाच!”

मी कबुली दिली, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे घडलेले नाही.

मायाक्कांनी बोट भिंतीवरून काढले. त्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या,

“भाकरी गोड लागली का बाई?”

सुतार सरांना काही समजेना. मी त्यांना सगळे सांगितले: मोठ्या प्रकल्पांची तुलना कशी करतात, तुकड्यांभोवती एकच रेषा का ओढतात, क्रमांक कसा लागतो. मी नीट, क्रमवार सांगत होते, आणि माझ्याच आवाजाची मला लाज वाटत होती. मायाक्कांनी सगळे ऐकून घेतले.

“म्हंजे एक नंबर वर जावा म्हणून आमची वाट आत घेतली?”

“हो,” मी म्हणाले.

सरांनी मान खाली घातली. ते आतून चुन्याचा डबा आणि कुंचला घेऊन आले. “आत्ताच पुसून टाकतो.” पण मायाक्कांच्या मागून म्हाळाप्पा आले होते. ते म्हणाले, “पुसू नगा सर. पुसलं तर त्यो म्हणील, रातोरात पुसलं. ऱ्हाऊ द्या. बाईंनी हितंच खाली लिवावं, कुणी चुकवलं ते.”

शाळेत काळा रंग शिल्लक होता. मी आयुष्यभर फळ्यावर लिहिले त्याच अक्षरात भिंतीवर लिहिले: “ही पिवळी रेषा मी ओढली आहे. ती चुकीची आहे. दोन तुकड्यांच्या मधून मेंढ्यांची वाट जाते. ती मी पूर्वी पाहिलेली नव्हती.” खाली सही केली.

मायाक्कांनी बोट ठेवून वाचले. शेवटच्या वाक्यावर त्या थांबल्या.

“बाई, वरनं काढलेल्या फोटूत आमची बोर दिसती का?”

“मोठे झाड असेल तर दिसते.”

“मेंढरं?”

“नाही. इतकी लहान दिसत नाहीत.”

“आन् वाट? पांढरी हाय की ती खडकावर. ती दिसत न्हाय व्हय?”

दिसत होती. अगदी स्पष्ट दिसत होती. प्रकल्पाची रेषा ओढताना दोन काळ्या चौकोनांच्या मधून जाणारी ती पांढरी बारीक ओळ मी पाहिली होती. मोठी करूनही पाहिली होती. ती दाखवली असती, तर प्रकल्पाचे दोन तुकडे आहेत हे कोणालाही दिसले असते, आणि माझी एकसंध रेषा हास्यास्पद ठरली असती. म्हणून मी ती नकाशात काढली नाही, आणि त्या जागेवर ‘पडीक माळ’ लिहिले. हे मी इतके दिवस कोणालाच सांगितलेले नव्हते. स्वतःलाही नाही.

मी कुंचला पुन्हा रंगात बुडवला, ‘ती मी पूर्वी पाहिलेली नव्हती’ यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिले: ‘चित्रात ती दिसत होती. मी ती मुद्दाम नकाशात काढली नाही.’

मायाक्कांनी ते दोनदा वाचले. “आता खरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि मेंढ्या वळवायला निघून गेल्या.

मी त्या दिवशी परतणार होते; परतले नाही. सुतार सरांच्या घरी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीचे अधिकारी यंत्र घेऊन आले. गावातली वीस-पंचवीस माणसे जमली. सुपरवायझरही होता, विशीतला, मोटारसायकलवर टेकलेला. म्हाळाप्पांनी सर्वांना भिंतीकडे नेले. सुपरवायझरने नवा मजकूर वाचला आणि म्हणाला, “शाळेची भिंत म्हणजे काय पुरावा असतो का साहेब?”

“मग गेल्या महिन्यात काय दाखवत हुतास रं?” म्हाळाप्पा म्हणाले. “तवा भिंत होती, आता काय ढेकूळ झालं व्हय?”

लोक खूप हसले. अधिकाऱ्यांना हसू आवरावे लागले. मग त्यांनी मला विचारले, “तुम्ही या गावच्या आहात का?”

“नाही.”

“या वाटेने कधी गेला आहात?”

“काल. एकदाच.”

“मग वहिवाटीबद्दल तुमचा जबाब मला घेता येणार नाही.” वहिवाट म्हणजे वापराने रुजलेला हक्क. तो कागदावर क्वचितच असतो. चालणाऱ्यांच्या सांगण्यावर टिकतो. “नकाशाबद्दल लेखी द्या. कागदांना जोडतो. त्याचा किती उपयोग होईल, ते मी सांगू शकत नाही.”

मी लेखी दिले. म्हणजे असे झाले: मी येथे एकदाही पाऊल न ठेवता ओढलेली रेषा या लोकांच्या वाटेला अडवायला पुरली, आणि मी येथे येऊन स्वतः सांगितलेले खरे मात्र तिला सोडवायला पुरेल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हते. म्हाताऱ्या माणसांचे जबाब झाले. मायाक्कांनी सासू घसरली तो खडक दाखवला, अधिकाऱ्यांनी त्याची नोंद घेतली. खांब उपटा, असे कोणी म्हणाले नाही; निकाल लागेपर्यंत तार ओढू नये, एवढे ठरले.

निघताना मी मायाक्कांना भेटायला गेले. त्या कोकराला बोटाने दूध चाटवत होत्या. माफी कशी मागायची, याची मी रात्रभर तयारी केली होती. मी दोन वाक्ये बोलले. त्यांनी मध्येच थांबवले.

“बास. निकाल लागला तर सर कळवतील तुमाला. आन् पुन्यांदा आलाव तर नकाशा नगा आणू. पायताण चांगलं आणा.”

परतीच्या प्रवासात बेगमपूरपर्यंत मी तक्त्याची प्रत मांडीवर उघडून बसले होते. घरी आल्यावर दोन्ही तुकडे वेगळे मोजले. आपल्या जिल्ह्याचा प्रकल्प एक ओळ खाली गेला. तीच त्याची खरी ओळ होती. जेथे-जेथे तक्ता गेला होता त्या प्रत्येक शाळेला मी पत्र पाठवले, आणि भिंतीवरचे वाक्य त्यात खाडाखोडीसकट लिहिले. त्याला दोन महिने झाले. निकाल अजून आलेला नाही. सुतार सर दर सोमवारी फोन करून तेवढेच सांगतात. खांब उभे आहेत, तार नाही, मेंढ्या पाण्याला जात आहेत.

त्यानंतर मी तक्त्याचा वरचा भाग उघडला. तेथेही कितीतरी प्रकल्प तुकड्यांत आहेत, आणि प्रत्येकाभोवती मी तशीच दोरी ताणलेली आहे. त्या दोऱ्यांच्या आत वाटा आहेत की नाहीत, कोणी चालते की नाही, हे मला माहीत नाही. तेथे कोणावर अन्याय झाला आहे, असेही मी म्हणू शकत नाही. मी पाहिलेले नाही, इतकेच म्हणू शकते. चित्रे पुन्हा मोठी करून पाहू लागले, तेव्हा काही ठिकाणी दोन काळ्या चौकोनांच्या मध्ये पांढऱ्या ओळी दिसल्या. त्या रस्ते असतील, ओढे असतील, तारा पुरलेले चर असतील. आकाशातून ते ठरवता येत नाही. म्हणून या वर्षीच्या तक्त्यात क्षेत्रफळाचा रकाना मी रिकामा ठेवला आहे.

वाचकांना विनंती आहे. तुमच्या गावाजवळ असा प्रकल्प असेल तर एक दिवस काढा आणि बाहेरून त्याच्या कडेने पायी चाला. पावले मोजा. कुंपण कोठे आत वळते, मधून कोण जाते-येते, कोणत्या वेळी, कशासाठी, हे तेथल्या माणसांना विचारून लिहून काढा. मग माझा तक्ता शेजारी ठेवून पाहा. मी वर दिलेली एकशे चाळीस पावलेही तपासा. खडकमाळला जायला मंगळवेढ्याहून जीप मिळते. चूक सापडली तर मला कळवा, आणि मला कळवण्याआधी ती तेथे राहणाऱ्यांना सांगा.